शाम्पू-क्रीम ऑनलाइन घेताय? अ‍ॅप तुम्हाला काय दाखवतं आणि तुम्ही काय बघायला हवं



शाम्पूची एक बाटली घ्यायला आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ मी लावते. घरचे म्हणतात, "हिच्या मनाला काही येतच नाही." म्हणू देत. जी वस्तू रोज टाळूला आणि चेहऱ्याला लागते, तिच्याबाबत चोखंदळ असलेलंच बरं.

पूर्वी वाणगावात मेडिकल किंवा जनरल स्टोअरमध्ये जे असेल त्यातून निवडायचं, नाहीतर लोकल पकडून बोईसर गाठायचं. आता अ‍ॅपमध्ये "शाम्पू" टाइप केलं की यादी संपता संपत नाही. पर्याय वाढले, पण गोंधळही वाढला. म्हणून आज आपण तीन गोष्टी बघू: अ‍ॅपची यादी कशी बनते, लेबल फोनने कसं वाचायचं आणि खरेदीचा क्रम काय ठेवायचा.

यादीत सगळ्यात वर कोण येतं?

शोधलं की पहिल्या ओळीत दिसणारी वस्तू सर्वात चांगली असते, असं अजिबात नाही. वरच्या काही जागा जाहिरातीच्या असतात. त्यावर बारीक अक्षरात "स्पॉन्सर्ड" किंवा "अ‍ॅड" लिहिलेलं असतं. त्याखालचा क्रम ठरतो तो विक्री, क्लिक, किंमत, डिलिव्हरी अशा गोष्टींवरून.

मग "हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं" ही ओळ कुठून येते? ही पद्धत जुनी आहे. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये तिच्यावर लेखच लिहिला होता. दोन वस्तू एकाच गिऱ्हाइकाने वारंवार घेतल्या, की सिस्टिम त्यांची जोडी लावते. त्या वस्तूने कुणाचे केस सुधारले की बिघडले, हे त्या जोडीत कुठेच नसतं. अ‍ॅपला फक्त खरेदी दिसते.

आता आमच्या घरचंच उदाहरण घ्या. आमच्याकडे बोअरचं पाणी. साबणाला फेस येत नाही, बादलीवर पांढरे डाग पडतात. म्हणजे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. शाळेत आपण याला दुष्फेन पाणी म्हणायचो. अशा पाण्यात केस धुतले की राठ वाटतात. दुसऱ्या शहरात नळाच्या मऊ पाण्यात केस धुणारी मुलगी त्याच शाम्पूला पाच स्टार देईल, आणि ते खरंही असेल. पण तिचं पाणी वेगळं, माझं वेगळं. अ‍ॅपला तुमचं पाणी माहीत नसतं. ते तुम्हालाच माहीत असतं, म्हणून अटही तुम्हीच ठरवायची.

रेटिंगचा आकडा कसा वाचायचा?

समजा एका सीरमला ४.८ रेटिंग आहे, पण रिव्ह्यू फक्त १२. दुसऱ्याला ४.३ आणि रिव्ह्यू ९,०००. पहिल्याचे १२ जण ओळखीपाळखीचेही असू शकतात. दुसरा आकडा जास्त भरवशाचा.

पुढे हे करा:

- पाच आणि एक स्टार बाजूला ठेवा, तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा. "वास छान, पण केस चिकट झाले" असं कामाचं वाक्य बहुतेक वेळा तिथे सापडतं.
- रिव्ह्यू "सर्वात नवे आधी" असे लावा. कंपनी फॉर्म्युला बदलते, जुने रिव्ह्यू मात्र तसेच राहतात.
- रिव्ह्यूमध्ये सर्च असेल तर "हार्ड वॉटर", "कुरळे", "कोंडा" असे आपल्या कामाचे शब्द टाका.
- रिव्ह्यू नेमका कोणत्या प्रकाराचा आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी एकाच पानावर चार प्रकारचे शाम्पू असतात आणि सगळ्यांचे रिव्ह्यू एकत्र दिसतात.

खोट्या रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. "फक्त २ शिल्लक" अशी खोटी घाई करणं किंवा न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, अशा १३ युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डार्क पॅटर्न म्हटलं आहे. घड्याळ उलटं पळताना दिसलं, की फोन बाजूला ठेवून चहा प्या. घाईत घेतलेलं क्रीम सहसा कपाटातच पडून राहतं.

सेल्फी काढा, त्वचा ओळखा?

लिपस्टिकची शेड चेहऱ्यावर लावून दाखवणारं फीचर तुम्ही वापरलं असेल. कॅमेरा ओठ, डोळे, हनुवटी यांचे बिंदू शोधतो आणि त्यावर रंग चढवतो. हे तंत्र बनवणारी मोडीफेस ही कंपनी लॉरिअलने २०१८ मध्ये विकत घेतली. गंमत म्हणून फीचर छान आहे. पण ट्यूबलाइटखाली, ब्यूटी फिल्टर चालू ठेवून बघितलेली शेड उन्हात वेगळी दिसणारच. खिडकीजवळ, फिल्टर बंद करून बघा.

त्वचा "स्कॅन" करून क्रीम सुचवणाऱ्या फीचरबाबत आणखी सावध राहा. स्कॅन करणारा आणि क्रीम विकणारा एकच असेल, तर उत्तर काय येणार हे सांगायला नको. पुरळ, खाज, केसगळती यासाठी त्वचारोगतज्ज्ञच बरे.

लेबल: इथे खरी माहिती असते

आमचा भाग मिरचीचा. बाजारात मिरची घेताना आपण देठ बघतो, मोडून बघतो. ऑनलाइन वस्तूला हात लावता येत नाही, त्यामुळे लेबलचा फोटो नीट बघणं आलंच.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० लागू आहेत. त्यानुसार वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी लागते. आयात माल असेल तर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचं नाव हवं. छोट्या पॅकना घटकांच्या यादीतून सूट आहे, म्हणून पाउचवर ती दिसली नाही तर मोठ्या बाटलीचा फोटो बघा.

यादीचा क्रमही ठरलेला असतो. जे जास्त, ते आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही लिहिता येतात. पुढे मोठ्या अक्षरात "आर्गन ऑइल" असेल आणि यादीत ते सुगंधाच्याही नंतर येत असेल, तर ते नावापुरतंच असण्याची शक्यता जास्त.

आता फोन कामाला लावा. लेबलच्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या, गुगल लेन्समध्ये उघडा, अक्षरं कॉपी करा. मग एकेक नाव सर्च करा. ओपन ब्यूटी फॅक्ट्स हा लोकांनी मिळून बनवलेला मोफत डेटाबेसही आहे. जड पाण्यासाठी मी यादीत डायसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए शोधते. हे घटक पाण्यातले क्षार धरून ठेवतात.

आणि हो, बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतातच बनला, असं नसतं. कंपनीने भारतात बारकोडची नोंदणी केली, एवढाच त्याचा अर्थ.

लेबल नसलेलं क्रीम का नको?

हा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. अकोल्यात एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींना किडनीचा आजार झाल्याचं प्रकरण २०२३ मध्ये बातम्यांत आलं होतं. तिघी त्वचा उजळ करणारं एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी छडा लावला, तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला.

पाऱ्याचे क्षार त्वचेतला रंग तयार होऊ देत नाहीत, म्हणून आठवडाभरात "फरक" दिसतो. पण तो पारा त्वचेतून शरीरात जातो आणि किडनीला इजा करतो. भारतात सौंदर्यप्रसाधनांमध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. यादीत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड यांपैकी काही दिसलं तर ती वस्तू सोडाच. यादीच नसेल तर तेवढंच कारण पुरेसं आहे. इन्स्टावर "सात दिवसांत गोरं" म्हणून विकली जाणारी बिननावाची डबी कुणाच्याही भरवशावर घेऊ नका.

"काळी मेंदी"चंही तसंच. साध्या मेंदीचा रंग नारिंगी-तपकिरी येतो. काळा रंग बहुतेक वेळा पीपीडी या रसायनाचा असतो आणि काहींना त्याची जोरदार अ‍ॅलर्जी येते.

माझा खरेदीचा क्रम

१. अ‍ॅप उघडण्याआधी नोट्समध्ये तीन अटी लिहा. उदा. जड पाणी, तेलकट टाळू, ४०० रुपयांच्या आत.
२. फिल्टर लावा, "स्पॉन्सर्ड" वगळा, तीनच वस्तू निवडा.
३. तिन्हींची लेबलं वाचा. परवाना क्रमांक किंवा तारीख न दिसणारी वस्तू बाद.
४. विकणारा कोण ते बघा. ब्रँडचं स्वतःचं दुकान असेल तर उत्तम.
५. आधी सर्वात लहान बाटली मागवा.
६. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. सील आणि तारीख त्यात दिसू द्या.
७. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबा. केसांच्या रंगासाठी तर ही चाचणी टाळूच नका.

वस्तू बनावट निघाली किंवा परतावा मिळत नसेल, तर आधी अ‍ॅपवर तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवा. मराठीतही बोलता येतं. बिल, चॅटचे स्क्रीनशॉट आणि तो व्हिडिओ हाताशी ठेवा.

पुढची ऑर्डर देण्याआधी एवढं एकच करा: सध्या वापरताय ती बाटली उलटी करून मागची यादी वाचा. पहिली पाच नावं कळली, की पुढची निवड बरीच सोपी होईल. घरात किंवा मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणी बिनलेबलचं क्रीम वापरत असेल, तर हा लेख त्यांना आजच पाठवा.