नावात माळरान, डोळ्यांसमोर जंगल : फ्रान्समधील लांद प्रदेशाची सायकलसफर

मुलांसमोर फ्रान्सचा नकाशा उघडा आणि नैर्ऋत्य कोपरा शोधायला सांगा. बोर्दो शहराच्या दक्षिणेला, अटलांटिक महासागराला लागून एक मोठा हिरवा त्रिकोण दिसेल. हा गास्कोनीचा लांद प्रदेश. इथलं जंगल साधारण दहा लाख हेक्टर, म्हणजे दहा हजार चौरस किलोमीटर. आपल्या सातारा जिल्ह्याएवढं!

आता गंमत पाहा. 'लांद' या फ्रेंच शब्दाचा अर्थ जंगल असा नाहीच. त्याचा अर्थ झुडपांचं उघडं माळरान. मग जंगलाला माळरान का म्हणतात? या एका प्रश्नावर भूगोल, इतिहास आणि पर्यावरण या तिन्ही विषयांचा एक चांगला पाठ उभा राहतो. मुलांना उत्तर लगेच सांगू नका. आधी त्यांना मनानेच सायकलवर बसवा आणि या जंगलात न्या.

इथे सायकल चालवणं अगदी सोपं. चढ जवळजवळ नाहीतच, फक्त समुद्राजवळ वाळूच्या टेकड्यांमुळे थोडे उंचवटे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्याने उत्तरेच्या रोस्कॉफपासून स्पेनच्या सीमेवरील आँदायपर्यंत १,२०० किलोमीटरहून लांब सायकलमार्ग आहे. त्याचं नाव 'व्हेलोदिसे'. त्याचा मोठा टप्पा याच जंगलातून, बिस्कारोस, मिमिझाँ अशा गावांवरून जातो. आतल्या भागात काही ठिकाणी रूळ काढून टाकलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा केल्या आहेत. समुद्रालगतच्या जंगलात काही काँक्रीटचे अरुंद रस्तेही लागतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने किनाऱ्यावर तटबंदी उभारली, तेव्हा त्यांनीच ते बांधले. आज त्यावरून लहान मुलं सायकली चालवतात.

तासभर सायकल चालवल्यावर चौकस मुलाच्या एक गोष्ट लक्षात येईलच. झाडं बहुतेक एकाच जातीची आहेत. सागरी पाइन, म्हणजे आपल्या हिमालयातल्या चीडचा भाऊबंद. आणि ती ओळीत उभी आहेत! एका तुकड्यातली सगळी झाडं सारख्याच उंचीची. पुढच्या तुकड्यात सगळी कमरेएवढी. त्याच्या पुढे नुसती नांगरलेली वाळू. जंगल असं उगवतं का? नाही. हे लावलेलं आहे. पश्चिम युरोपातलं हे सर्वांत मोठं मानवनिर्मित जंगल मानलं जातं.

मग त्याआधी इथे काय होतं? वरती वाळू आणि खाली लोहमिश्रित वाळूचा दगडासारखा घट्ट थर. जमीन सपाट, त्यामुळे हिवाळ्यातल्या पावसाचं पाणी ना खाली मुरायचं ना वाहून जायचं. मैलोन्‌मैल दलदल व्हायची आणि उन्हाळ्यात तीच जमीन तापून कोरडी पडायची. हिवतापाचा त्रास होताच. अशा जमिनीवर माणसं कशी जगत असतील? मेंढ्यांवर. पण मुख्यतः लोकरीसाठी किंवा मांसासाठी नव्हे, तर लेंड्यांसाठी! आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतात ना, तोच हिशोब. मेंढ्यांच्या खताशिवाय त्या वाळूत राय नावाचं धान्य पिकत नसे. थोडंसं शेत पिकवायला चराईचा खूप मोठा माळ लागे, आणि तो माळ गावाच्या सामाईक मालकीचा असे. एका अर्थी आपलं गायरानच.

या मेंढपाळांची चित्रं मुलांना नक्की दाखवा. पायांना मीटरभर उंच काठ्या बांधून ते माळावर फिरत. छत्तीसगडमधली गेडी पाहिली असेल, तसाच प्रकार. पाय चिखलात भिजत नाहीत, काटेरी झुडपं बोचत नाहीत आणि सपाट मैदानात दूरवरचा कळप दिसतो. हातात आणखी एक लांब काठी. ती मागे टेकवली की बसायला तिसरा पाय तयार! असे उंचावर बसून हे लोक दिवसभर मोजे विणत. सिल्व्हँ दोर्नों नावाचा इथला एक गडी तर १८९१ साली अशा काठ्यांवर पॅरिसहून मॉस्कोपर्यंत चालत गेला. हे सांगितलं की वर्गात मागच्या बाकावरचे पण कान टवकारतात.

दुसरं संकट होतं वाळूचं. समुद्रावरच्या वाऱ्याने वाळूच्या टेकड्या दरवर्षी आत सरकत. सुलाक गावातलं जुनं चर्च अठराव्या शतकात वाळूखाली गेलं आणि पुढे एकोणिसाव्या शतकात उकरून काढावं लागलं. आज ते जागतिक वारसा यादीत आहे. ही वाळू रोखायला अठराव्या शतकाच्या अखेरीस निकोला ब्रेमोंतिए या अभियंत्याने पाइनची लागवड मोठ्या प्रमाणावर सुरू केली. त्याच्या आधी स्थानिक लोकांनीही हे प्रयोग केले होते, पण नाव झालं साहेबाचं. कोकणात किनाऱ्याला सुरूची झाडं पाहिली असतील तर मुलांना हा मुद्दा पटकन कळेल.

इथवर सगळं ठीक. खरी कलाटणी मिळाली १९ जून १८५७ च्या कायद्याने. तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने इथल्या गावांना सांगितलं, तुमची सामाईक जमीन चर खणून कोरडी करा आणि तिच्यावर झाडं लावा. ती रिकामी आहे, वाया जाते आहे. शांब्रलाँ या अभियंत्याने आधीच स्वतःच्या जमिनीवर प्रयोग करून हे शक्य आहे असं दाखवलं होतं. पण खर्च कुठून आणायचा? गावांनी सामाईक जमिनी विकायला काढल्या. घेणारे अर्थातच पैसेवाले. काही दशकांत माळ संपला, पाइन उभे राहिले आणि मेंढ्यांना चरायला जागा उरली नाही. जंगलात आग लागली की ती लावल्याचा आळ हमखास मेंढपाळांवर येई.

म्हणून 'झाडे लावा, झाडे जगवा' शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा पाठ थोडा अवघड जातो. या झाडांनी दलदल हटवली, हिवताप कमी झाला, वाळू थांबली आणि गरीब मुलुखात पैसा आला. हे सगळं खरं आहे. आणि त्याच झाडांनी एक अख्खी जीवनपद्धती पुसली, हेही तितकंच खरं आहे. माझं मत विचाराल तर मुलांना यातली एकच बाजू सांगू नये. सातवी-आठवीच्या मुलांना दोन्ही बाजू पेलतात.

लाबुएर गावच्या फेलिक्स आर्नोदँ (१८४४–१९२१) याला हे डोळ्यांदेखत दिसत होतं. तो सायकलवरून गावोगाव फिरला. मेंढपाळ, झोपड्या, उघडा माळ यांचे काचेच्या पट्ट्यांवर फोटो काढले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गास्कोन बोलीतल्या गोष्टी व गाणी उतरवून घेतली. गावकरी त्याला खुळा म्हणत. आज तो माळ कसा होता हे कळायला त्याच्याच फोटोंचा आधार आहे.

जंगल आल्यावर मेंढपाळांची मुलं राळ काढणारी झाली. पाइनच्या खोडाला खाच पाडायची, खाली मातीचं छोटं भांडं अडकवायचं आणि झिरपणारा चीक गोळा करायचा. त्यापासून टर्पेंटाइन आणि राळ मिळते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं आणि तिथला माल बंद पडला, तेव्हा लांदच्या राळेला सोन्याचा भाव आला. पण झाडं मालकाची आणि कष्ट मजुराचे, उत्पन्नात वाटेकरी दोघे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कामगारांनी हिश्श्यासाठी संप केले. पुढे स्वस्त आयात माल आला आणि शतक संपता संपता हा धंदाही बंद पडला. आता पाइन मुख्यतः लाकूड आणि कागदाच्या लगद्यासाठी वाढवतात.

एकाच जातीचं, चिकाने भरलेलं झाड म्हणजे आगीला आमंत्रण. ऑगस्ट १९४९ च्या वणव्यात ८२ माणसं मेली. त्यात अग्निशामक, सैनिक आणि मदतीला धावलेले गावकरी होते. त्यानंतर टेहळणीचे मनोरे, आगीच्या गाड्यांसाठी रुंद वाटा आणि पाण्याचे साठे अशी व्यवस्था उभी राहिली. तरीही जुलै २०२२ मध्ये लांदिरास आणि ला तेस्त इथे मिळून सुमारे २० हजार हेक्टर जंगल जळालं. म्हणून उन्हाळ्यात फ्रान्सला जाणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवावं, धोक्याच्या दिवशी जंगलात जायला मनाई असते आणि तीत सायकलवाटाही येतात. वादळाचंही तसंच. जानेवारी २००९ च्या 'क्लाउस' वादळाने इथले पाइन लाखोंनी आडवे केले. पुन्हा लावताना सगळा पाइनच लावायचा की कडेला ओकसारखी रुंद पानांची झाडं मिसळायची, ही चर्चा तिथे चालू आहे.

जुना लांद पाहायचा असेल तर साब्र गावाहून जुन्या रेल्वेगाडीने मार्केझला जावं लागतं. तिथे गावच संग्रहालय आहे. घरांना कुंपण नाही, सगळी मोकळ्या हिरवळीवर ओकच्या सावलीत. घरांची तोंडं पूर्वेला, कारण पावसाचा वारा पश्चिमेच्या समुद्राकडून येतो. कोल्ह्यापासून वाचवायला कोंबड्यांचं खुराडं उंच खांबांवर. म्हणजे माणसं आणि कोंबड्या दोघंही काठ्यांवर!

किनाऱ्याला पिलाची टेकडी आहे, सुमारे १०० मीटर उंच, युरोपातली सर्वांत उंच वाळूची टेकडी. ती अजूनही दरवर्षी थोडी आत सरकते आणि पायथ्याचे पाइन गिळते.

आपल्याशी याचा एक खराखुरा धागा आहे. १८६७ पासून जवळजवळ दोन दशकं ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनखात्यात येणारे तरुण अधिकारी फ्रान्समधल्या नान्सीच्या वनविद्यालयात शिकत होते. आपल्या सरकारी कागदांतही गवताळ माळ बरेचदा 'पडीक' म्हणून नोंदला गेला. वर्गात एवढंच विचारून पाहा : आपल्या गावातली कुठली जमीन पडीक म्हणतात, आणि तिथे कोण कोण येतं? आमच्या वर्गात यादी वाढतच गेली. मेंढ्या, गुरं, टाकळ्याची भाजी खुडणाऱ्या बाया, लांडगा, क्रिकेट खेळणारी पोरं.

लांदमध्ये मेंढीची जुनी स्थानिक जात जवळजवळ नाहीशी झाली होती. जतन करणाऱ्यांनी उरल्यासुरल्या मेंढ्या शोधून ती पुन्हा वाढवली. आज त्यातले काही कळप मुद्दाम चरायला सोडतात, कारण माळाचे जे थोडे तुकडे शिल्लक आहेत त्यांच्यावर पाइन उगवू नयेत, असं आता तिथल्या लोकांना वाटतं.