आपली वस्ती आपणच मोजू या

चैत्र पौर्णिमा जवळ आली की येरमाळ्यात सरकारी गाड्यांची ये-जा वाढते. येडेश्वरीच्या यात्रेला लाखो माणसे येतात. किती गर्दी होईल, पिण्याचे पाणी किती लागेल, दवाखान्याची पथके कुठे बसवायची, याचा आधी हिशेब होतो आणि त्या हिशेबावर सोय उभी राहते. यात्रा कोणाची आणि श्रद्धा कोणाची, हा आज आपला विषय नाही. शिकायचे ते एवढेच, की माणसे मोजली गेली म्हणजे त्यांच्या पाण्याचा आणि शौचालयाचा विचार होतो.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. इथे माणसे चार दिवस नाही, बारा महिने राहतात. किती घरांत नळ आहे? नळाला किती दिवसांनी पाणी येते? मागच्या पावसाळ्यात किती मुलांना जुलाब लागले? हे कोणी लिहून ठेवले आहे का? येरमाळ्याच्या फाट्यावरून एसटीत बसून कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसे ज्या वस्त्यांत राहतात, तिथेही हेच प्रश्न आहेत. काही वस्त्यांनी मात्र स्वतःची पाहणी स्वतः केली आणि त्या जोरावर आपले हक्क मागितले. त्यांनी काय केले आणि आपण काय करू शकतो, ते पाहू.

आजार घरात दिसतो, कारण गल्लीत असते

लेकराला जुलाब लागले की आपण दवाखान्यात जातो. ते करायलाच हवे. आशाताईंकडून ओआरएसची पुडी घ्यावी आणि पाच वर्षांखालच्या मुलाला सांगितल्याप्रमाणे 14 दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात. पण महिनाभराने तेच लेकरू पुन्हा आजारी पडते. शेजारचेही पडते. मग दुखणे पोटापुरते नसते, ते पाइपलाइनमध्ये असते.

नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि आत ओढ तयार होते. पाइप गटारातून गेलेला असेल आणि त्याचा जोड गळका असेल, तर गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी नळ सुटतो तेव्हा पहिली घागर त्याच पाण्याची भरते. कावीळ, विषमज्वर, जुलाब यांची वाट अशी असते.

पाणी रोज येत नाही म्हणून आपण ते साठवतो. झाकण नसलेल्या टाकीत किंवा रांजणात डेंग्यूचा डास अंडी घालतो. उन्हाळी-पावसाळी हवेत आठ-दहा दिवसांत त्या अंड्याचा डास होतो. शौचालय लांब असेल, अंधारात असेल, तर बाया दिवसभर पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात. मग जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे सुरू होते. औषधाने तेवढ्यापुरते बरे वाटते. गळका जोड, उघडी टाकी आणि अंधारी वाट मात्र औषधाने दुरुस्त होत नाही. त्यासाठी वस्तीलाच एकत्र यावे लागते.

न विचारता केलेली सुधारणा

1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर 1898 मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून शहर निरोगी करायचे, असा त्याचा बेत होता. वस्त्या पाडल्या गेल्या. पण तिथल्या माणसांना कुठे राहणे परवडेल, कामाचे ठिकाण कुठे आहे, हे त्यांना कोणी विचारले नाही. उठवलेली माणसे जवळच्या दुसऱ्या चाळींत दाटीने शिरली. दाटी एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली. पुढे याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. छोट्या खोल्या, सामायिक नळ आणि सामायिक शौचालय म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही.

फुटपाथवरच्या बायांची शिरगणती

जुलै 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्याचा निकाल दिला. तो ‘ओल्गा टेलिस’ खटला म्हणून ओळखला जातो. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. पण पावसाळ्यानंतर झोपड्या हटवण्याची मुभाही महापालिकेला मिळाली.

त्या वेळी भायखळा भागात ‘स्पार्क’ ही संस्था फुटपाथवरच्या बायांबरोबर काम करत होती. ही माणसे कोण आहेत याची नोंद कुठल्याच दप्तरात नव्हती. म्हणून बायांना सोबत घेऊन घरोघर पाहणी झाली. सुमारे 6 हजार कुटुंबांची माहिती गोळा झाली. लोक म्हणत, हे आज आले, उद्या जातील. पाहणीत दिसले ते वेगळेच. बहुतेक जण गरीब, कोरडवाहू भागांतून पोट भरायला आलेले, कष्टाची कामे करणारे आणि कामावर पायी जाणारे होते. बसभाडे परवडत नाही म्हणून ते कामाजवळ राहत होते. त्यांना शहराबाहेर लांब हलवले तर चूल विझणार, हे आता आकड्यांनिशी सांगता येत होते. याच बायांतून 1986 मध्ये ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली.

आपल्या जिल्ह्याचा धडा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे 8 हजार माणसे गेली. काही गावे नव्या जागी वसवली गेली. पण हजारो घरे पूर्ण पडली नव्हती, ती त्याच जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती.

आपली जुनी घरे कशी, ते आपल्याला माहीत आहे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. भूकंपात भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर सुटला आणि माळवदाचा सगळा भार खाली आला. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीचे दोन्ही थर आरपार दगडांनी बांधून घ्यायचे, कोपरे पक्के करायचे, असे उपाय इंजिनिअर सांगत होते. पण कागदावरचे गावागावांत समजावणार कोण, आणि अनुदानाचा हप्ता कामावर खर्च होतो की नाही हे बघणार कोण?

‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत शेकडो गावांत तिथल्याच महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. त्यांनी घरे पाहिली, शेजारणींना समजावले, अडलेली कामे अधिकाऱ्यांच्या कानावर घातली. आधी ‘बाईला बांधकामातले काय कळते’ असे म्हणणारेच पुढे त्यांना विचारायला येऊ लागले. 2001 मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा आपल्या भागातल्या बाया तिथल्या बायांना अनुभव सांगायला गेल्या. शाळा कमी शिकलेल्या बाईलाही पाहणी करता येते, हे दाखवून देणारी माणसे आपल्याच मातीतली आहेत.

पुण्याची शौचालये

पुण्याच्या झोपडपट्ट्यांत सार्वजनिक शौचालये पूर्वीही होती. पण पाणी नाही, दार तुटलेले, सफाईला कोणी जबाबदार नाही, अशी त्यांची अवस्था होती. 1999 मध्ये तेव्हाचे आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वेगळी पद्धत आणली. बांधकामाचा खर्च महापालिकेने द्यायचा आणि वस्तीबरोबर काम करणाऱ्या संस्थांनी आराखडा, बांधकाम आणि देखभाल सांभाळायची. 2001 पर्यंत 400 हून अधिक शौचालये बांधली गेली. त्यांत सीटची संख्या 10 हजारांवर होती.

यातली अनेक शौचालये ‘महिला मिलन’च्या बायांनी आखली आणि उभारली. त्यांनी सांगितले, बाया आणि पुरुषांची दारे वेगळी हवीत. लेकरांसाठी छोट्या सीट हव्यात, कारण रांगेत मोठी माणसे लेकरांना मागे ढकलतात आणि मग ती गटाराच्या कडेला बसतात. पाण्याची मोठी टाकी हवी. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला तिथेच खोली हवी. पैशाचाही हिशेब त्यांनी केला. दर वेळी एक रुपया घेतला तर पाच जणांच्या घराला महिन्याला किमान 150 रुपये लागतात. म्हणून कुटुंबामागे महिन्याला 20 रुपयांचा पास ठेवला.

सगळीकडे हे टिकले असे नाही. जिथे घाईत बांधकाम झाले आणि वस्तीला नीट सामील करून घेतले नाही, तिथे देखभाल ढासळली. इमारत उभी राहते, पण ती आपली आहे असे कोणाला वाटले नाही तर पहिल्या तुटलेल्या नळापासून तिची पडझड सुरू होते.

आपण पाहणी कशी करायची

1. आठ-दहा जणांचा गट करा. निम्म्याहून जास्त महिला असाव्यात. आशाताई आणि अंगणवाडीताईंना सोबत घ्या. शिकणारी मुले-मुली लिहायला उपयोगी पडतात.

2. प्रश्न थोडे ठेवा. घरात माणसे किती? नळ आहे का? किती दिवसांनी आणि किती वेळ पाणी येते? शौचालय आहे का, ते वापरता येते का? गेल्या तीन महिन्यांत घरात कोणाला जुलाब, कावीळ, डेंग्यू झाला का? बायांचे प्रश्न बायांनीच विचारावेत. आजाऱ्याचे नाव लिहू नका, घराला नंबर द्या. कोणाच्या दुखण्याची गल्लीत चर्चा झाली तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

3. नकाशा काढा. घरे, नळ, गटार, शौचालय, विजेचे खांब दाखवा. आजारी माणसे असलेल्या घरांवर खूण करा. 1854 मध्ये लंडनमध्ये कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यूंची नोंद अशीच नकाशावर केली. बहुतेक मृत्यू एका हातपंपाभोवती होते. हेन्री व्हाइटहेड हे तिथले धर्मगुरू घरन् घर ओळखत होते. त्यांनी घरोघर विचारपूस केली आणि साथ कुठल्या घरापासून सुरू झाली तेही सापडले. डॉक्टरचे ज्ञान आणि शेजाऱ्याची ओळख, दोन्ही लागले.

4. मोजून लिहा. ‘पाणी कमी येते’ यापेक्षा ‘पाच जणांच्या घराला रोज 8 घागरी मिळतात’ हे वाक्य जड पडते. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज 55 लिटर आहे. 15 लिटरची घागर धरली तर पाच जणांना 18 घागरी लागतात. म्हणजे रोज 10 घागरी कमी. स्वच्छ भारत अभियानात शहरी वस्तीतल्या सामुदायिक शौचालयासाठी 25 बायांमागे एक आणि 35 पुरुषांमागे एक सीट असे माप आहे. त्या मापाने वापरणाऱ्या 150 बाया असतील तर 6 सीट हव्यात. चालू स्थितीत किती आहेत, ते मोजा.

5. पाण्याची तपासणी मागा. गावात जलसुरक्षक ओटी चाचणी करतो. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर ते पिवळे झाले तर क्लोरीन आहे. ही चाचणी टाकीजवळ नको, आपल्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर करायला सांगा. पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कोणते, ते विचारा.

6. निष्कर्ष आधी वस्तीला वाचून दाखवा. विहारात बसा, चूक असेल ती दुरुस्त करा आणि सगळ्यांत आधी काय हवे ते एकमताने ठरवा. मग ग्रामसभेत किंवा शहरात असाल तर वॉर्ड ऑफिसात लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून राबवली जाते. तिचा निधी वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्याप्रमाणे ठरतो आणि कामे आराखड्यात असावी लागतात. आपली माणसे कमी नोंदली गेली तर निधी कमी. वस्तीच्या नावाने पेव्हर ब्लॉक येतो आणि गटार उघडेच राहते, असे अनेकदा होते, कारण गरज काय आहे ते आपण कागदावर मांडलेले नसते.

साफ कोण करणार?

हा प्रश्न आपण विचारला नाही तर कोण विचारणार? शौचालय बांधले की मैल्याची टाकी भरते. ती उपसायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही माणसे गुदमरून मरतात आणि ती बहुतेक आपल्याच समाजघटकांतली असतात. म्हणून आराखड्यातच लिहून घ्या, की टाकीपर्यंत यंत्राची गाडी पोहोचेल एवढा रस्ता हवा. देखभाल करणाऱ्याला वेळेवर पगार, हातमोजे आणि बूट मिळाले पाहिजेत. वस्ती निरोगी करताना आपलाच भाऊ टाकीत जाणार असेल, तर ती सुधारणा नव्हे.

पाहणीला मोठा खर्च नाही. दोनशे पानी वही, पेन आणि चार रविवार पुरेत. पुढच्या रविवारी वंदना झाली की घरी जायची घाई करू नका. थोडा वेळ बसा आणि वहीच्या पहिल्या पानावर घर क्रमांक एक लिहा.