मंद्र स्वराचे मानकरी

बेस गिटार म्हणजे दोन तारा कमी असलेली गिटार, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. चार तारांचे हे वाद्य गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलते. त्याची सर्वांत खर्जातली तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो मूळ स्वर पेलतच नाही. त्यामुळे आपण हे वाद्य रोज ऐकतो, पण ते ऐकू येत नाही. गायक, सतार, बासरी यांची वाट आपल्या कानाला ठाऊक असते. बेस नसला तर मात्र गाणे पोकळ का वाटते, हे चटकन सांगता येत नाही.

१९५१पर्यंत हे काम माणसापेक्षा उंच, उभ्या डबल बेसकडे होते. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. विजेमुळे आवाज मोठा झाला आणि पडद्यांमुळे स्वर नेमका लागू लागला. नावातली ‘प्रिसिजन’ ती हीच. पण या नव्या वाद्याला ना घराणे होते, ना गुरू. शिकणाऱ्यांनी ध्वनिमुद्रिकेवर सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून विद्या मिळवली. म्हणून बेसवादकाच्या दृष्टीने काही अल्बम ही पाठ्यपुस्तकेच आहेत. अडचण एवढीच, की त्यांतल्या कित्येकांवर लेखकाचे नावच छापलेले नाही. पुढील चार अल्बम ऐकताना धडा आणि नाव या दोन्ही गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिला, १९६६चा बीच बॉइज यांचा ‘पेट साउंड्स’. इथला धडा असा, की खालचा स्वर बदलला तर वरच्या स्वरांचा अर्थ बदलतो. पेटीवर सा-ग-प एकत्र धरा आणि खाली मंद्र सा लावा. भाव स्थिर, समाधानी वाटेल. आता वरचे तिन्ही स्वर तसेच ठेवून खाली सा ऐवजी शुद्ध ध लावा. तेच स्वर एकाएकी हुरहुर लावतात. ब्रायन विल्सन यांनी ‘गॉड ओन्ली नोज’ या गाण्यात अपेक्षित मूळ स्वर टाळून बेस सतत दुसऱ्याच स्वरावर ठेवला आहे, त्यामुळे गाणे जमिनीला पूर्ण टेकतच नाही. या अल्बमवर बेस वाजवणाऱ्यांत कॅरोल के आणि लाइल रिट्झ हे प्रमुख. मूळच्या जॅझ गिटारवादक असलेल्या कॅरोल के १९६३ साली, एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही म्हणून, या वाद्याकडे वळल्या. मूळ वेष्टनावर या स्टुडिओ वादकांची नावे नव्हती.

दुसरा, मार्विन गे यांचा १९७१चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली असंख्य लोकप्रिय गाणी जेम्स जेमरसन यांच्या बेसवर उभी आहेत. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते वाजवत. शीर्षकगीतात त्यांचा बेस गायकाच्या मागे चालत नाही, त्याच्याशी बोलतो: एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधले कोमल-तीव्र स्वर स्पर्शून जातो, मात्रेच्या किंचित आधी किंवा नंतर पाऊल टाकतो, तरी ठेका ढळत नाही. अल्बममधल्या काही गाण्यांवर बॉब बॅबिट यांचा बेस आहे. दोघांची बोटे वेगळी ओळखणे हा उत्तम रियाज ठरेल. मोटाउनच्या वादकांची नावे अल्बमवर छापली गेली ती या वेळी पहिल्यांदा. तोवर जेमरसन यांनी दशकभर वाजवले होते. १९८३ साली ते वारले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांची दखल घेतली ती २००० साली.

तिसरा, ‘जॅको पास्टोरियस’, १९७६. सतार आणि सरोद यांत जो फरक, तो इथे ऐकू येतो. पास्टोरियस यांनी आपल्या बेसचे पडदे काढून टाकले, खाचा भरल्या आणि त्यावर इपॉक्सीचा थर दिला. आता स्वर घसरू शकत होता, गाऊ शकत होता. पहिलीच रचना ‘डोना ली’ मुळात सॅक्सोफोन-ट्रम्पेटची, वेगवान. ती इथे सोबतीला केवळ काँगो ढोल घेऊन बेसवर येते. ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’मध्ये तार दाबण्याऐवजी ठरावीक बिंदूंवर हलके बोट ठेवून घंटेसारखे स्वर काढले आहेत. इथे बेसवादकाचे नाव हेच अल्बमचे नाव झाले.

चौथा, बॉब मार्ले अँड द वेलर्स यांचा १९७७चा ‘एक्झोडस’. पास्टोरियस यांच्यानंतर हा मुद्दाम ऐकावा. शीर्षकगीत सात मिनिटांहून मोठे आणि जवळजवळ एकाच स्वरसंघावर बेतलेले. अॅस्टन बॅरेट एक छोटा तुकडा घोळवत राहतात. खरी ताकद त्यातल्या रिकाम्या जागांत आहे. न वाजवणे हेही वाजवणेच, हा धडा वेगवान बोटांच्या विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जातो. इथे वेष्टनावर नाव होते, पण तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. रॉयल्टी आणि गीतांवरील हक्कासाठी बॅरेट न्यायालयात गेले. २००६ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. खालची चाल ही गाण्याची रचना की नुसती साथ, हा वाद संगीतात आणि कायद्यात अजून जागा आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य नोटेशन वाचणारे अनेक वादक गोव्यातून आले. तबकडीच्या वेष्टनावर मात्र गायक, संगीतकार, गीतकार आणि चित्रपट एवढीच नावे सहसा असत. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतला बेस आपण पिढ्यान्‌पिढ्या गुणगुणतो; तो वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचे नाव किती श्रोत्यांना माहीत आहे? ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखतींवर ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिले, तेही २००८ साली.

शिकणाऱ्याने आणि नुसत्या रसिकानेही हे अल्बम हेडफोन लावून ऐकावेत. पहिल्यांदा गायकाला सोडून केवळ खालची ओळ गुणगुणावी. जिथे ती निसटते तिथेच काही घडत असते. दुसऱ्यांदा बेस आणि ड्रम यांची जोडी ऐकावी, कोण आधी पोहोचतो ते पाहावे. वाद्य हाती घ्यायचे ते त्यानंतर. आणि ओळ गळ्यात बसली की ती कुणाची, हे शोधून वहीत नाव लिहून ठेवावे. वेष्टनाने जे केले नाही, ते निदान श्रोत्याला करता येते.