फुल्यांचा हिशेब
क्रॉस-स्टिच भरतकामात १४ काउंटच्या आयडा कापडावर इंचाला १४ फुल्या बसतात. म्हणजे १२६ फुल्या रुंदीचा नमुना ९ इंच होतो. तोच १८ काउंटवर ७ इंचांत मावतो. नमुन्याच्या विकायच्या आलेखावर हे माप हवंच, शिवाय दोऱ्यांचे रंगक्रमांक आणि काळ्या-पांढऱ्या छपाईतही वेगळी ओळखू येणारी चिन्हं. फोटोवरून सॉफ्टवेअरने काढलेला आलेख तसाच विकू नये. त्यात रंग भरमसाट आणि सुट्या फुल्या जागोजागी विखुरलेल्या. दर वेळी दोरा बदलताना भरणारी वैतागते. खरं कसब हे रंग छाटण्यात आहे. आलेखाची पीडीएफ एकदा केली की कितीही वेळा विकता येते. दुसऱ्याच्या चित्रावरून आलेख मात्र परवानगीशिवाय नको: भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो.