परिचालन-प्रणाली : नियंत्रण आणि अग्रक्रम

संगणकाच्या प्रक्रियकाला सामान्यतः एका वेळी एकाच आज्ञावलीचे काम करता येते. परंतु त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या आज्ञावल्या अनेक असतात. त्यांच्यात वेळ, स्मृती व इतर साधने यांची वाटणी करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन-प्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. येथे एक शंका साहजिकच उद्भवते. ही प्रणाली स्वतःही एक आज्ञावलीच होय. प्रक्रियक दुसरीच्या ताब्यात असताना ती निष्क्रिय असते. मग निष्क्रिय नियंत्रकाने सक्रिय आज्ञावलीस आवरावे कसे?

या शंकेचे उत्तर यंत्राच्या रचनेत सापडते. यंत्रातील घड्याळ नेमलेल्या अवधीनंतर प्रक्रियकास संकेत देते. तो मिळताच प्रक्रियक हातचे काम थांबवितो, त्याची स्थिती जपून ठेवतो व ताबा परिचालन-प्रणालीकडे देतो. यासच व्यत्यय म्हणतात. घड्याळ बंद करणे, स्मृतीच्या सीमा बदलणे इत्यादी आज्ञा मात्र केवळ विशेषाधिकाराच्या अवस्थेतच पाळल्या जातात. म्हणून सामान्य आज्ञावलीस हे नियंत्रण झुगारता येत नाही.

एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटण्याचे प्रात्यक्षिक फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे केले. पुढील वर्षी मँचेस्टर येथे कार्यान्वित झालेल्या ॲटलास संगणकाने स्मृतीचा प्रश्न सोडविला. त्याची मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची होती. तिला मंदगती चुंबकीय पिंपाची जोड देऊन, ५१२ शब्दांची पाने गरजेनुसार आत-बाहेर नेण्याचे काम नियंत्रक आज्ञावलीकडे सोपविले होते. आज्ञावली लिहिणारास दोन्ही मिळून एकच विस्तृत स्मृती भासे.

वाटणीबरोबर अग्रक्रमाचा प्रश्न येतो. तातडीच्या कामास आधी वेळ द्यावा हा नियम निर्दोष वाटतो. तथापि ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानावर त्याची मर्यादा दिसून आली. यानावरील संगणक काही दिवसांनी आपोआप पुनःपुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणारे कनिष्ठ काम एका सामायिक साधनास कुलूप लावून बसे. तेच साधन हवे असलेले सर्वोच्च काम त्यामुळे खोळंबे. इतक्यात मध्यम अग्रक्रमाचे दीर्घ काम सुरू होऊन कनिष्ठास बाजूला सारी. परिणामी कुलूप उघडत नसे. ठरल्या वेळी सर्वोच्च काम पुरे झाले नाही असे आढळताच संगणक खबरदारी म्हणून नव्याने सुरू होई. वस्तुतः मध्यम कामाचा त्या साधनाशी संबंध नव्हता; तरीही सर्वोच्च काम त्याच्यामागे पडत होते. यासच अग्रक्रम-विपर्यय म्हणतात.

पृथ्वीवरील प्रतिकृतीवर हा दोष पुन्हा घडवून त्याचे कारण शोधण्यात आले. उपाय आधीच ज्ञात होता : वरिष्ठ काम ज्याच्यासाठी थांबले असेल, त्या कनिष्ठ कामास कुलूप उघडेपर्यंत वरिष्ठाचाच अग्रक्रम द्यावा. या अग्रक्रम-वारशाचे सैद्धांतिक विवेचन १९९० मध्ये शा, राजकुमार व लेहोत्स्की यांनी प्रसिद्ध केले होते. यानाच्या परिचालन-प्रणालीत ही सोय होती. परंतु त्या कुलपापुरती ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती सुरू करताच दोष नाहीसा झाला.

यावरून हे ध्यानात येते की, वेळवाटप व कुलूप हे नियम स्वतंत्रपणे निर्दोष असले, तरी त्यांच्या संयोगाचीही तितक्याच काटेकोरपणे परीक्षा करावी लागते.