शुक्राची ओळख पृथ्वीच्या दगडांतून

फजरच्या नमाजसाठी उठणाऱ्यांना काही महिने पूर्वेकडे एक ठळक चांदणी दिसते. तो तारा नाही, शुक्र ग्रह आहे. अरबीत त्याला जुहरा म्हणतात. दुरून हा ग्रह सुंदर दिसतो, पण त्याच्या जमिनीवर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस उष्णता आहे. हवेचा दाब पृथ्वीच्या जवळजवळ ९० पट आहे आणि वर गंधकाच्या आम्लाचे दाट ढग आहेत. तिथे उतरलेली सोव्हिएत याने फार तर दोन तासांच्या आसपास टिकली. तिथला एकही दगड पृथ्वीवर आलेला नाही.

मग तिथला दगड ओळखायचा कसा? तापलेली प्रत्येक वस्तू किरण सोडते आणि प्रत्येक दगडाची किरण सोडण्याची तऱ्हा वेगळी असते. शुक्राच्या जमिनीतून निघणारे काही अवरक्त किरण ढगांतून बाहेर येतात. यानाला ते टिपता येतात, पण ओळख पटवायला आधीची नोंद हवी. थंड दगडाची नोंद इथे पुरेशी नाही, कारण दगड तापला की त्याची ही तऱ्हा बदलते.

म्हणून बर्लिनमध्ये जर्मन अवकाश संस्थेच्या प्रयोगशाळेत पृथ्वीवरचे दगड शुक्राइतके तापवून त्यांचे किरण मोजले जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये नासाच्या व्हेरिटास मोहिमेचे शास्त्रज्ञ जर्मन सहकाऱ्यांसह आइसलँडला गेले. तिथल्या ताज्या लाव्हाचे नमुने त्यांनी तपासणीसाठी आणले.

या खटाटोपामागे मोठा प्रश्न आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, ज्याची जाती आणि पाटे बनतात, तो बेसाल्ट. तो लाव्हा थिजून तयार होतो. ग्रॅनाइटचे तसे नाही. तो मोठ्या प्रमाणावर तयार व्हायला पाणी लागते, असे पृथ्वीवरचा अनुभव सांगतो. बेसाल्टमध्ये लोह जास्त असते, म्हणून या अवरक्त किरणांत तो ग्रॅनाइटपेक्षा अधिक उजळ दिसतो. शुक्राच्या जुन्या पठारांवर ग्रॅनाइटसारखी खूण सापडली, तर तिथे कधीकाळी पाणी असावे, या अंदाजाला बळ मिळेल.

आकाराने पृथ्वीची जुळी बहीण शोभावी अशा ग्रहावर पाणी होते का, आणि असेल तर ते गेले कुठे? उत्तर यायला वर्षे लागतील. पण यान तिथे पोहोचेल, तेव्हा त्याने टिपलेले किरण भट्टीत तापवलेल्या याच दगडांच्या नोंदींशी ताडून पाहिले जातील.