गांडूळ खताचा व्यवसाय: पहिली पिशवी विकण्याआधी तीन दिवस थांबा!



"सर, घरी दोन गायी आहेत, शेण फुकट आहे. गांडूळ खत सुरू केलं तर महिन्याला किती सुटतील?"

प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. व्हिडिओत मी बेड कसा भरायचा ते दाखवलं होतं. आज हिशोब बघू, आणि ज्या एका चुकीमुळे हा धंदा पहिल्याच महिन्यात बसतो, ती चूकही बघू.

एका ताईची गोष्ट

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली ताई माझ्याकडे प्रशिक्षणाला आली होती. मेहनती, बोलायला चांगली. परसात एक बेड लावला. दिवाळी जवळ आली होती, लोक गच्ची-बाल्कनी साफ करून कुंड्या नव्याने भरत होते, मागणी होती. खताचा वरचा थर काळा दिसायला लागला होता, म्हणून पस्तिसाव्या दिवशीच तिने खत काढलं आणि शहरात घरोघरी जाऊन ४० पिशव्या विकल्या. खूश होऊन मला फोन केला.

दहा दिवसांनी दुसरा फोन आला, तेव्हा आवाज रडवेला होता. "सर, एक काकू म्हणतात तुळस पिवळी पडली. दुसरीकडे कुंडीत चिलटं झालीत. आता काय करू?"

झालं काय होतं? वरचा थर तयार होता, पण खालचं शेण अर्धकच्चंच होतं. असं शेण कुंडीत गेलं की तिथे कुजायला लागतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि नाजूक मुळ्या भाजतात. शेतात हे खपून जाईल, कारण तिथे माती भरपूर असते. दहा इंची कुंडीत झाडाला पळायला जागाच नसते!

ताईंनी पुढे काय केलं ते शेवटी सांगतो.

आधी हिशोब

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका.

एक बेड समजा १२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच. त्यात साधारण १ टन शेण आणि पालापाचोळा. खत निघतं भरलेल्या मालाच्या जवळपास निम्मं. चाळून ४०० किलो धरू. वेळ ६० ते ७० दिवस.

सुरुवातीचा खर्च: बेड २,५०० रुपये, ३ किलो गांडुळं १,२०० रुपये, सावलीची जाळी, चाळणी आणि वजनकाटा ४,००० रुपये. एकूण ७,७०० रुपये.

आता विक्रीचे दोन रस्ते.

*रस्ता पहिला, ठोक:* ४०० किलो, ८ रुपये किलोने ३,२०० रुपये. शेणाचे २,५०० वजा केले की उरले ७०० रुपये. तुमचे ३० तास गेले, ताशी ६० रुपये धरले तर १,८०० रुपये मजुरी. म्हणजे ११०० रुपये तोटा.

*रस्ता दुसरा, किरकोळ:* २ किलोच्या २०० पिशव्या, ६० रुपयांनी १२,००० रुपये. शेण २,५००, पिशवी-लेबल १,२००, पोहोचवणं १,५००, भरणं-विकणं धरून ५० तासांची मजुरी ३,०००. खर्च ८,२००. उरले ३,८०० रुपये.

"पण सर, शेण तर घरचं आहे!" असू दे. तेच शेण विकलं असतं तर पैसे आले असते ना? मग त्याची किंमत धरायचीच. स्वतःची मजुरीही धरायची. जो हे दोन धरत नाही, तो वर्षभर राबतो आणि शेवटी म्हणतो, "पैसे कुठे गेले कळलंच नाही."

म्हणजे एका बेडवर पैसा किरकोळ विक्रीतच आहे. आता पुढचं गणित. एका कुंडीला महिन्याला दोन मुठी खत, म्हणजे अंदाजे २०० ग्रॅम. दहा कुंड्यांच्या घराला महिन्याला एक पिशवी. दोन महिन्यांत २०० पिशव्या खपवायच्या तर दर महिन्याला परत घेणारी १०० घरं लागतात. तुमचं खरं भांडवल ही १०० घरं आहेत. एक तुळस गेली की एक घर गेलं, आणि ते शेजारच्या दोघींना सांगून जातं.

बेड भरताना चार गोष्टी

१. ताजं शेण टाकू नका. ते तापतं आणि गांडुळं पळतात किंवा मरतात. १५-२० दिवस बाहेर ठेवा, अधूनमधून पाणी मारा. आत हात घालून बघा, गार लागलं तरच भरा.

२. शेतातली खोल जाणारी गांडुळं यासाठी चालत नाहीत. आयसेनिया फेटिडा ही लाल, वरच्या थरात राहून खाणारी जात घ्या.

३. ओल अशी हवी की मूठ दाबली तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. वर ओलं गोणपाट आणि सावली हवीच.

४. तेलकट-खारट उरलंसुरलं अन्न आणि लिंबू-संत्र्याच्या साली टाकू नका. मुंग्या, उंदीर आणि कोंबड्यांपासून जपा.

काढणीआधी चार-पाच दिवस पाणी बंद करा, गांडुळं खाली जातात. वरचं खत काढून सावलीत सुकवा. कडक उन्हात टाकलं की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

तीन दिवसांची परीक्षा

आता मुख्य मुद्दा. खत काळं दिसलं म्हणजे तयार झालं असं नाही. प्रत्येक बॅचची ही परीक्षा घ्या:

• पिशवीची परीक्षा: मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर पास. आंबट किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर परत बेडमध्ये.

• मेथीची परीक्षा: एका वाटीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मं खत. दोन्हीत २०-२० मेथीचे दाणे पेरा. खताच्या वाटीत उगवण कमी झाली किंवा कोंब पिवळे पडले, तर माल विकायचा नाही.

खर्च काहीच नाही, लागतात फक्त दिवस. या वाट्यांचे फोटो ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. यापेक्षा चांगली जाहिरात नाही!

ग्राहकाला खरं सांगा

"आठ दिवसांत फुलं येतील" असं कधीही सांगू नका. युरियात नत्र ४६ टक्के असतं, गांडूळ खतात साधारण एक-दीड टक्का. त्याचं काम हळू चालतं. काळी माती कुंडीत वाळली की दगड होते, रोजच्या पाण्याने तिच्यातलं अन्नद्रव्य वाहून जातं. खतामुळे ती माती भुसभुशीत होते आणि ओल धरते.

प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाका: वरची दोन इंच माती मोकळी करा, दोन मुठी खत मिसळा, वर वाळका पाला पसरा, पाणी बेताने द्या.

आणखी एक. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये गांडूळ खताचे निकष दिलेले आहेत: ओलावा १५ ते २५ टक्के, नत्र किमान १ टक्का वगैरे. स्वतःचं नाव छापून दुकानात माल ठेवण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन परवान्याचं विचारून घ्या.

ताईंनी काय केलं?

मी सांगितलं, "ताई, फोन बंद करू नका. चाळीसही घरी जा." ती गेली. प्रत्येकाला पैसे परत दिले आणि सांगितलं, "माझी घाई झाली. कुंडीतलं खत काढून टाका, महिन्याने चांगलं आणून देते." २,४०० रुपये गेले. घरच्यांनी बोलून घेतलं. पण महिन्याने ती खरोखर गेली, मेथीच्या वाट्या हातात घेऊन. बऱ्याच जणांनी परत घेतलं. पहिली पिशवी घेतली तुळसवाल्या काकूंनी!

या आठवड्याचं होमवर्क: बेड विकत घेऊ नका. आधी तुमच्या ओळखीतल्या, कुंड्या असलेल्या २० घरांची यादी करा. प्रत्येक घरी जाऊन विचारा: कुंड्या किती, सध्या कुठलं खत घालता, काय अडचण येते? वहीत लिहा. वीसपैकी दहा जण "आणा, बघू" म्हणाले, तर शेण भिजवायला घ्या.

चला, वही काढा!